एका अक्षराचे चार पौंड

कागदावर दोन हस्ताक्षरं होती.
निळ्या शाईत बापाचं: इनिस फ्लेट, एल्डर सन.
त्यातला शेवटचा आर पेन्सिलीनं खोडून
वर कुणीतरी बारीक लिहिलेलं, एस टी.
एल्डेस्ट.

मर्डो गेडिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
चाळीस वर्षं तो मोरी फर्थच्या या किनाऱ्यावर
बुडालेल्यांची नावं दगडात कोरत आलाय.
खडूची चूक ओल्या फडक्यानं जाते,
छिन्नीची नाही.
म्हणून तो विचारून घेतो, दोनदोनदा.

आपल्याकडे हे सोपं असतं.
थोरला म्हटलं की झालं;
मागे एक असो की पाच, शब्द बोटं मोजत नाही.
इंग्रजी मोजते.
दोघांतला मोठा तो एल्डर,
तिसरा आला की एल्डेस्ट.
आणि फ्लेटांचे मुलगे दोन, हे साऱ्या गावाला ठाऊक:
इनिस, जो बोटीसकट गेला,
आणि रोनल्ड, जो ॲबर्डीनला बँकेत आहे.
तेव्हा बाप बरोबर. पेन्सिल चूक.

शिवाय मर्डोला तो आर हवाच होता.
त्याच्या आरचा पाय लांब, जरा बाहेर टाकलेला,
धक्क्यावर वाऱ्यात उभ्या माणसासारखा.
अख्ख्या दगडावर आर तेवढा एकच येत होता.

फोन केला. बाई म्हणाली, येते.
बारा मैलांची बस, लोकरी टोपी, हातात जुनी पर्स.
एल्स्पेथ फ्लेट खुर्चीवर बसली नाही.
कोऱ्या दगडाकडे बघत म्हणाली,
"तीन."

रेडिओवर हवामान चाललं होतं,
वारा वायव्येचा, रात्री मंदावेल.

"इनिसच्या पाठचा. चार तास होता.
नर्सनं टॉवेलात गुंडाळून नेला.
कुठे, ते तेव्हा सांगत नसत,
आणि आम्हीही विचारत नसू.
मॅग्नस समुद्रावर. तो परत आला
तेव्हा पाळणासुद्धा माळ्यावर गेलेला.
त्यानं हातात धरलाच नाही,
म्हणून त्याच्या मोजणीत नाही."
मग जरा थांबून,
"नाव नको घालू. ठेवलंच नव्हतं.
ती दोन अक्षरं घाल."

मर्डोनं हिशेब मांडला, कारण तेवढंच सुचलं:
एक अक्षर जातं, दोन येतात,
म्हणजे एक जास्त. अक्षराला चार पौंड.
राहू दे, तो म्हणाला.
नाही, ती म्हणाली,
आणि पर्समधून चार नाणी काढून
बिलाच्या नोटांत न मिसळता
छिन्न्यांच्या शेजारी ओळीनं ठेवली.

एस अवघड. दोन वळणं,
आणि दुसरं पहिल्याला विसरत नाही.
टी सोपा, एक उभी, एक आडवी.
त्या दोघांना त्यानं अख्खी दुपार दिली.

दगड बसवला त्या दिवशी मॅग्नस फ्लेट आला.
टोपी काढून वाचत गेला, ओठ हलवत.
मध्येच ओठ थांबले.
मर्डो स्पिरिट लेव्हल उगाचच
पुन्हा पुन्हा ठेवून बघत राहिला.
मॅग्नस काही म्हणाला नाही.
खाली वाकला, टीच्या खाचेत अडकलेली भुकटी
अंगठ्याच्या नखानं काढू लागला,
आणि ती निघून गेल्यावरही काढत राहिला.

आता पंच्याऐंशीच्या मिस ॲबरक्रॉम्बी
दर रविवारी चर्चमधून परतताना तिथे अडखळतात.
परवा तर दाराखालून चिठ्ठीच आली:
दोघांत एल्डर, मिस्टर गेडिस.
मी तुम्हाला शिकवलं होतं.

मर्डोनं चिठ्ठी उलटी केली.
पाठीमागे पेन्सिलीनं एक आर काढला,
पाय लांब, जरा बाहेर टाकलेला.
चांगला जमला होता.
मग त्यावर चहाचा कप ठेवला.